आरे-वारेच्या चढावर थांबलेल्या काका-काकूंचे आभार
गेल्या रविवारी गणपतीपुळ्याहून सागरी मार्गाने रत्नागिरीकडे जाताना, आरे-वारेच्या चढावर आम्हा पुणेकरांच्या दोन गाड्यांपैकी एकीच्या रेडिएटरचा पाइप फुटला आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. सोबत सत्तरी ओलांडलेली आई होती आणि ऊन रणरणत होते. स्कूटरवरून चाललेले एक दांपत्य आपणहून थांबले. काकांनी तापलेले झाकण आम्हाला उघडू दिले नाही. इंजिन निवल्यावर पाइपचे चिरलेले टोक कापून उरलेला भाग क्लिपने घट्ट बसवला आणि घरून दोन कॅन पाणी आणून भरले. तोवर काकू आईला सावलीत बसवून पदराने वारा घालत होत्या. पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि गडबडीत नाव विचारायचे राहून गेले, याची रुखरुख वाटते. काका-काकू, आई त्या रात्री सुखरूप घरी पोहोचली. आम्ही नऊही जण तुमचे मनापासून ऋणी आहोत.