मेकफाइलची नक्कल नको, सामायिक नियम हवेत

महोदय,

राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर वर्षी संगणक शाखेचे विद्यार्थी अंतिम वर्षाचा प्रकल्प सादर करतात, आणि त्यांपैकी पुष्कळ प्रकल्प ज्या लॅपटॉपवर लिहिले गेले त्याच्याबाहेर कधीच चालत नाहीत. प्रोग्राममध्ये दोष असतोच असे नाही. तो दुसऱ्या संगणकावर कसा बिल्ड करायचा (म्हणजे स्रोतापासून चालणारा प्रोग्राम कसा बनवायचा) आणि कुठे इन्स्टॉल करायचा हे सांगणारी मेकफाइल आधीच्या तुकडीकडून उतरवून घेतलेली असते. तिच्यात कोणाच्या तरी होम डिरेक्टरीचा पत्ता तसाच राहिलेला असतो, आणि परीक्षकांसमोर मूळ लॅपटॉप उघडला की कोणी त्यापुढे विचारत नाही. हेच विद्यार्थी पुढे नोकरीत जातात आणि तीच सवय सोबत नेतात. बिल्डचे नियम एकाच सामायिक मेकफाइलमध्ये लिहून सर्वांनी तीच वापरायची, हा या सवयीवरचा उपाय जगाला तीन दशकांहून अधिक काळ ठाऊक आहे, तो विनामूल्य आहे, आणि तरीही आपल्या अभ्यासक्रमांत व सरकारी निविदांत त्याला जागा मिळालेली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तयार केले. त्यामागचा विचार साधा आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते आणि ती बनवण्यासाठी कोणती आज्ञा द्यावी लागते, एवढे मेकफाइलमध्ये लिहायचे. मग मेक फाइलींच्या वेळा तपासते आणि जिचा स्रोत तिच्याहून नवा आहे तेवढीच फाइल पुन्हा बनवते. या कामासाठी फेल्डमन यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा 2003 सालचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. आपल्या प्रयोगशाळांत मेकची ओळख बहुधा इथेच थांबते: दोन-तीन सी फाइली कंपाइल करून दाखवल्या की धडा संपतो.

खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. प्रोग्राम तयार झाल्यावर तो कोणत्या डिरेक्टरीत जायचा, त्याचा मालक कोण, त्याच्यावर कोणत्या परवानग्या असाव्यात, त्याचे माहितीपान (मॅन्युअल पेज) कुठे ठेवायचे, आणि पॅकेज बनवणाऱ्याला सगळ्या फाइली खऱ्या जागेऐवजी आधी एखाद्या तात्पुरत्या डिरेक्टरीखाली मांडून हव्या असतील तर ते कसे साधायचे, ही सारी उत्तरे इन्स्टॉल करण्याच्या नियमात असावी लागतात. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लेखनसंकेतांनी यासाठी ‘प्रीफिक्स’ (इन्स्टॉल करण्याची मूळ डिरेक्टरी) आणि ‘डेस्टडिर’ (वर सांगितलेली तात्पुरती डिरेक्टरी) ही चलनामे, म्हणजे व्हेरिएबल, फार पूर्वीच रूढ केली. मात्र प्रत्येकाने हे नियम स्वतःच्या मेकफाइलमध्ये नव्याने लिहायचे म्हटले, तर कोणी डेस्टडिर विसरतो, कोणी परवानग्या विसरतो, आणि कोणी पत्ता थेट लिहून मोकळा होतो. शिवाय एखादा नियम बदलायची वेळ आली की नक्कल झालेल्या प्रत्येक प्रतीचा शोध घेत फिरावे लागते, आणि एखादी प्रत हमखास राहून जाते.

बर्कली विद्यापीठातील बीएसडी युनिक्स या संगणक प्रणालीच्या कर्त्यांनी यावर जे उत्तर काढले ते आजही नमुनेदार आहे. 1990 मधील 4.3 बीएसडी-रेनो या आवृत्तीपासून सामायिक मेकफाइलींचा एक संच प्रणालीचाच भाग झाला. तिच्यातूनच पुढे आलेल्या आजच्या फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीत तो ‘/यूएसआर/शेअर/एमके’ या डिरेक्टरीत असतो. प्रोग्रामसाठी ‘बीएसडी.प्रॉग.एमके’, लायब्ररीसाठी ‘बीएसडी.लिब.एमके’, आणि जागा, मालकी व परवानग्या यांची मूळ मूल्ये ‘बीएसडी.ओन.एमके’ मध्ये, अशी त्याची वाटणी आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या मेकफाइलमध्ये प्रोग्रामचे नाव लिहायचे आणि शेवटच्या ओळीत ही सामायिक फाइल इन्क्लूड करायची, म्हणजे तिच्यातले नियम तिथे वाचून घ्यायचे. स्रोत फाइलींची यादी दिली नाही, तर प्रोग्रामच्या नावाचीच सी फाइल गृहीत धरली जाते; माहितीपानाचे नाव दिले नाही, तर तेही त्याच नावावरून ठरते. एवढ्या दोन ओळींत बिल्ड करणे, साफ करणे, इन्स्टॉल करणे ही सारी कामे मिळतात आणि डेस्टडिरचा मान आपोआप राखला जातो.

यातील एक बारकावा मला विशेष शिकवण्याजोगा वाटतो. मूळ मूल्ये प्रश्नचिन्ह आणि बरोबरचे चिन्ह जोडून लिहितात; त्याचा अर्थ, हे मूल्य आधी कोणी ठरवलेले नसेल तरच लागू होईल. फ्रीबीएसडीच्या ‘बिन’ या स्रोत डिरेक्टरीत एक छोटी ‘मेकफाइल.इंक’ आहे. तिच्यात प्रोग्राम ‘/बिन’ मध्ये जातील एवढे सांगितले आहे, आणि पोटातल्या प्रत्येक प्रोग्रामची मेकफाइल सामायिक नियमांमार्फत ही वरच्या डिरेक्टरीतली फाइल वाचते. म्हणजे संपूर्ण प्रणालीचा एक नियम, त्याच्या आत एका गटाचा अपवाद, आणि त्याच्याही आत एखाद्या प्रोग्रामचा स्वतःचा अपवाद, अशी उतरंड कोणतीही ओळ दोनदा न लिहिता उभी राहते. स्टॅकवरील हल्ल्यांपासून संरक्षण देणारा कंपायलरचा पर्यायही तिथे सामायिक नियमांमधूनच साऱ्या प्रोग्रामना लागू होतो. सुरक्षेच्या दृष्टीने याचे मोल किती आहे, हे शेकडो मेकफाइली हाताने दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

याच विचारावर फ्रीबीएसडीची पोर्ट्स व्यवस्था, म्हणजे इतरांचे सॉफ्टवेअर स्रोतातून बिल्ड करण्याच्या कृतींचा संग्रह, 1994 मध्ये जॉर्डन हबर्ड यांनी सुरू केली. आज तिच्यात 30 हजारांहून अधिक पोर्ट्स आहेत. प्रत्येक पोर्टच्या मेकफाइलमध्ये नाव, आवृत्ती, वर्गवारी, सांभाळणाऱ्याचा पत्ता आणि अवलंबनांची (त्याला लागणाऱ्या इतर सॉफ्टवेअरची) यादी असते, आणि शेवटी ‘बीएसडी.पोर्ट.एमके’ इन्क्लूड केलेली असते. स्रोत उतरवून घेणे, त्याचा आकार व एसएचए-256 ठसा (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळतो का ते पाहणे, पॅच (किरकोळ दुरुस्त्या) लावणे, बिल्ड करणे, तात्पुरत्या डिरेक्टरीत मांडून पाहणे आणि मग पॅकेज बांधणे हा सारा क्रम त्या सामायिक फाइलीत आहे. 1997 मध्ये यातूनच नेटबीएसडी या भावंड प्रणालीची पॅकेजसोर्स व्यवस्था निघाली. ती लिनक्स आणि मॅकओएसवरही चालते, आणि जे अवलंबन जाहीर केलेले नाही ते बिल्डच्या वेळी दिसूच नये अशी तजवीज करते. ‘माझ्या लॅपटॉपवर चालते’ या उत्तराला तिथे जागाच उरत नाही.

मराठीशी थेट संबंध असलेले एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण या विषयाचा आपल्याशी काय संबंध असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आला असेल. पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेसमध्ये मजकुराचा पूर्ण शोध घेण्याची सोय आहे. शब्दाचे मूळ रूप ओळखणारे नियम त्यात तमिळ व नेपाळीसाठी बाराव्या आणि हिंदीसाठी चौदाव्या आवृत्तीत आले. मराठीत ‘घर’, ‘घरात’, ‘घरातून’, ‘घरांना’, ‘घरापाशी’ ही सारी रूपे एकाच शब्दाची. शोधात ती एकत्र यावीत, आणि ‘आणि’, ‘पण’, ‘की’ असे शब्द शोधातून वगळले जावेत, असे ग्रंथालयाची सूची किंवा शासन निर्णयांचा संग्रह तयार करणाऱ्या कोणालाही वाटेल. यासाठी वगळायच्या शब्दांची एक फाइल, शब्दकोशाची एक फाइल आणि प्रत्ययांची एक फाइल यूटीएफ-8 मध्ये लिहून डेटाबेसच्या ‘टीसर्च-डेटा’ या डिरेक्टरीत ठेवावी लागते. भाषाशास्त्राचा आणि संगणकाचा विद्यार्थी एकत्र बसले तर हा उत्तम प्रकल्प होईल.

पण ती डिरेक्टरी असते कुठे? डेबियन या लिनक्स प्रणालीवर तिच्या पत्त्यात डेटाबेसच्या आवृत्तीचा आकडा येतो, फ्रीबीएसडीवर ती ‘/यूएसआर/लोकल’ खाली असते, आणि स्वतः स्रोतातून बिल्ड केलेल्या डेटाबेसमध्ये आणखी कुठे. विद्यार्थ्याने पत्ता थेट लिहिला तर त्याचे काम त्याच्यापुरतेच राहील. पोस्टग्रेएसक्यूएलने यासाठी पीजीएक्सएस नावाची सामायिक मेकफाइल दिली आहे. ‘पीजी-कॉन्फिग’ ही आज्ञा त्या संगणकावर ती फाइल नेमकी कुठे आहे ते सांगते. आपल्या मेकफाइलमध्ये एक्स्टेन्शनचे (डेटाबेसला जोडायच्या या पुरवणीचे) नाव, एसक्यूएल फाइल, ‘डेटा-टीसर्च’ या चलनामापुढे आपल्या तीन फाइली आणि चाचण्यांची नावे लिहायची, आणि पीजीएक्सएस इन्क्लूड करायची. मग ‘मेक इन्स्टॉल’ म्हटले की प्रत्येक फाइल त्या त्या संगणकावरच्या योग्य जागी जाते, आणि ‘मेक इन्स्टॉलचेक’ म्हटले की चालू सर्व्हरवर चाचण्या होऊन अपेक्षित उत्तरांशी ताडून पाहिल्या जातात. एकाच संगणकावर डेटाबेसच्या दोन आवृत्त्या असतील, तर आज्ञेसोबत दुसऱ्या ‘पीजी-कॉन्फिग’चा पत्ता दिला की पुरते; मेकफाइलला हात लावावा लागत नाही. नागपूरच्या विद्यार्थ्याने केलेले काम रत्नागिरीच्या ग्रंथालयात किंवा परदेशातल्या मराठी मंडळाच्या सर्व्हरवर जसेच्या तसे इन्स्टॉल व्हावे, यासाठी लागते ते एवढेच.

लिनक्सच्या कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) मॉड्यूल लिहिणारे विद्यार्थी तर ही पद्धत नकळत वापरतातच. त्यांच्या मेकफाइलमध्ये मॉड्यूलचे नाव सांगणारी एक ओळ असते आणि बाकीचे नियम कर्नलच्या केबिल्ड व्यवस्थेतून येतात. ती ओळ फळ्यावरून उतरवून घेतली जाते. ती का पुरते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

या पद्धतीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते मी हलके मानत नाही. नियम दुसऱ्या फाइलीत गेले की नवशिक्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि सामायिक फाइलीतली एक चूक एकाच वेळी सर्वांना भोवते, हे खरे आहे. पहिल्या अडचणीवर साधने आहेत: ‘मेक’ला ‘उणे एन’ हा पर्याय दिला की कोणतीही आज्ञा न चालवता काय काय चालवले जाईल ते छापून येते, बीएसडीच्या मेकमध्ये ‘उणे व्ही’ने कोणत्याही चलनामाचे मूल्य पाहता येते, आणि ग्नू मेक ‘उणे पी’ दिल्यावर वाचलेले सारे नियम समोर मांडते. इन्क्लूडची ओळ कुठे लिहिली यानेही फरक पडतो, कारण नुसते ‘मेक’ म्हटले की ग्नू मेक फाइलीतले पहिले लक्ष्यच (बनवायची गोष्ट) मूळ लक्ष्य मानते. हे वर्गात प्रत्यक्ष करून दाखवले तर विद्यार्थी विसरत नाहीत. दुसऱ्या अडचणीवर उत्तर शिस्तीचे आहे. फ्रीबीएसडीत पोर्ट्सच्या सामायिक फाइलीतला मोठा बदल स्वीकारण्यापूर्वी सारा संग्रह प्रायोगिकरीत्या बिल्ड करून पाहिला जातो. एका जागची चूक शोधून सुधारता येते. नकलांमध्ये विखुरलेल्या चुका मोजताही येत नाहीत. कोणी म्हणेल की आता सीमेक आणि मेसन ही बिल्डची नवी साधने आली आहेत. ती अवश्य वापरावीत, परंतु नियम एकदा लिहून सर्वांनी घ्यायचे हे तत्त्व तिथेही तेच आहे, आणि ते मेकच्या चार ओळींत जितके उघडे दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे की, त्यांनी प्रणाली प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकांत सामायिक मेकफाइल लिहिणे व वापरणे यांचा समावेश करावा, आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे मूल्यमापन विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर न करता महाविद्यालयाच्या कोऱ्या संगणकावर, स्रोत उतरवून, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ एवढ्याच आज्ञांनी करावे. विभागाने स्वतःची एक सामायिक मेकफाइल ठेवली आणि प्रत्येक तुकडीने तिच्यात सुधारणा सुचवून ती पुढच्या तुकडीकडे सोपवली, तर आज जी नक्कल हातोहात जाते तिच्या जागी एक जपलेली, तपासलेली गोष्ट हातोहात जाईल.

राज्य शासनाकडेही एक मागणी आहे. केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षी सरकारी प्रणालींचा सोर्स कोड खुला करण्याचेही धोरण आणले. परंतु सोर्स कोड हाती येणे आणि तो वापरता येणे यांत मोठे अंतर आहे. कंत्राटदाराने दिलेल्या सीडीत किंवा रिपॉझिटरीत (स्रोताच्या साठ्यात) स्रोत असतो, पण त्यातून चालणारा प्रोग्राम कसा बनतो हे त्या कंत्राटदाराच्या एखाद्या कर्मचाऱ्यालाच माहीत असते. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की खाते पुन्हा त्याच कंत्राटदाराच्या दारी उभे राहते आणि जनतेचा पैसा पुन्हा त्याच कामावर खर्च होतो. निविदेत एक अट असावी: सॉफ्टवेअर स्वीकारण्यापूर्वी, ते लिहिण्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीने ते कोऱ्या सर्व्हरवर स्रोतातून बिल्ड करून डेस्टडिरखाली इन्स्टॉल करून दाखवावे, आणि हे जमेपर्यंत अंतिम देयक अदा होऊ नये. एका खात्याच्या सर्व प्रणालींसाठी बिल्ड व इन्स्टॉलचे सामायिक नियम त्या खात्याच्याच मालकीच्या रिपॉझिटरीत असावेत, म्हणजे कंत्राटदार बदलला तरी नियम खात्याकडेच राहतील. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राज्यातील कार्यालये आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी मिळून अशा नियमांचा पहिला संच तयार करावा. बीएसडीच्या फाइली उदार परवान्याखाली उपलब्ध आहेत. सुरुवात कोऱ्या पानापासून करण्याची गरज नाही.

आपला,
संगणक अभियांत्रिकीचा एक अध्यापक, सांगली