ताई, तुमच्या निळ्या पेनाला थँक्यू

ताई,

परवा आपल्या नाचाचा शो संपल्यावर तुमच्याशी धड बोलताच आलं नाही, नुसती रडत बसले, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी आजी संगीत बारीत, म्हणजे लावणीच्या तमाशात नाचायची. हे मी कुणाला सांगायचे नाही. २०१२ ला लावणीच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी टीव्हीचा आवाज वाढवला होता, आणि शेजारीण आली तसा टीव्हीच बंद केला! आधीच्या डान्स संस्थेत तीन वर्षं कंटेम्पररी डान्सचं फ्लोअरवर्क, रिलीज, काँट्रॅक्शन सगळं घोटलं, पण पाय चुकून ठेक्यावर पडला की मॅडम म्हणायच्या, ते कमरेतलं काढ, इथे तमाशा नाहीये. मग परदेशी पाहुणे यायचे ठरले आणि ह्याच मॅडमना माझ्याकडून 'काहीतरी रूटेड' हवं झालं, नऊवारी भाड्याने आणते म्हणाल्या. असो.

तुम्ही काही काढायला लावलं नाहीत की चिकटवायलाही नाही. फक्त विचारलंत, पायात चाळ बांधल्यावर आजी उभी कशी राहायची गं? मी उभी राहिले आणि वजन आपोआप टाचांत उतरलं, आपला पीस तिथूनच सुरू झाला. नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखांनी १९८५ ला 'अंगिका' ह्या पीसमध्ये भरतनाट्यमशेजारी केरळची युद्धकला कळरीपयट्टू आणलं, कंटेम्पररीवाले अस्ताद देबू कथक शिकलेले, लंडनला जाऊन मार्था ग्रॅहमचं मॉडर्न डान्सचं टेक्निकही शिकले आणि पुढे मणिपूरच्या पुंग ढोल वाजवणाऱ्यांसोबत नाचले, हे मला माहीत होतं, पण ह्या रांगेत आजीची बैठकीची लावणीपण बसते हे डोक्यातच आलं नव्हतं.

शोच्या दिवशी मेकअप करताना तुम्ही म्हणालात, पत्रकात तुझ्या शिक्षणाखाली नुसती ती संस्था आहे, आजीचं नाव टाकायचं का? मी म्हटलं चालेल, पण आता छापून झालंय ना, जाऊ दे. नंतर पाणी घ्यायला बाहेर आले तर तुम्ही पायरीवर बसून एकेका पत्रकावर पेनाने आजीचं नाव लिहिताय, आख्खं, आडनावासकट, शंभरेक तरी असतील. शो दहा मिनिटं लेट झाला त्यामुळे. मोठमोठ्या सेमिनारमध्ये अस्मिता अस्मिता करणारे खूप बघितले हो, अक्षर नीट यावं म्हणून मांडीवर वही ठेवून लिहिणारं कुणी नाही बघितलं.

आईला नाच फारसा कळला नाही, जमिनीवर काय लोळत होतीस म्हणाली. पत्रकं मात्र दोन उचलून आणलीत तिने. एकावर शाई पसरलीये, निदान ते तरी मला दे म्हटलं तर देत नाहीये.