नोव्हेंबरातलं ट्रेनिंग

आई, बाबा,

हे फोनवर सांगायला गेलो तर होत नाही, आपलं सगळं "जेवलास काय, तिथे पाऊस आहे काय, कदंबाची बस मिळाली काय" ह्यातच संपतं आणि मग बाबा फोन आईकडे देऊन मोकळे. म्हणून बसून टाईप करतोय. घरात कोकणीतून भांडायचं आणि लिहायची वेळ आली की मराठी, हे आपलं जुनंच. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका, विशेषतः कॅमेऱ्याचं.

तर पहिलं. दरवर्षी नोव्हेंबरात माझं आठ-नऊ दिवसांचं ऑफिसचं ट्रेनिंग असतं ना, तसलं काही ट्रेनिंग नसतं. तो इफ्फी असतो, पणजीतला आंतरराष्ट्रीय सिनेमांचा महोत्सव. रजा टाकतो, गळ्यात कार्ड अडकवतो आणि दिवसाला चार सिनेमे बघतो, एकदा पाच बघितले, पाचव्यात झोपलो. जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या त्या आवारात, आई, जिथे तू आजोबांचा डबा घेऊन जायचीस, तिथेच आता लायनीत उभा राहून भाजीपाव खातो आणि पुढच्या माणसाशी इराणी सिनेमावर वाद घालतो. ज्याच्याशी वाद घातला त्याचं नावही माहीत नसतं. बाबा म्हणतील चाळिशी आली आता, शोभतं काय. नाही शोभत. पण खोटं बोललो ते ह्याच वाक्याच्या भीतीने.

आणि हा नाद मला पणजीच्या मित्रांनी लावला असं तुम्ही मावशीला सांगता, ते चूक आहे. 2004 साली इफ्फी गोव्यात आला, मी सोळा वर्षांचा, त्याच वर्षी तुम्ही मला 'श्वास' बघायला नेलंत. नातवाच्या डोळ्यांचं ऑपरेशन, जीव वाचणार पण नजर जाणार, आणि त्याआधी आजोबा त्याला जेवढं दाखवता येईल तेवढं दाखवून घेतात. आई सरळ रडत होती. बाबा, तुम्ही मधेच उठून बाहेर गेलात आणि परत आल्यावर म्हणालात एसी फार आहे, डोळ्यांना लागतो. मी तेव्हा पडद्याकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघत होतो, की हे काय आहे जे ह्या माणसाला उठवून बाहेर पाठवतं. नंतर 'किल्ला' बघितला तेव्हाही तसंच झालं, अविनाश अरुण मुळात कॅमेरामन, दिग्दर्शन आणि कॅमेरा दोन्ही त्याचंच, आणि त्यातला पाऊस आपल्याकडचाच वाटतो, कौलावरून पडणारा, कंटाळा आणणारा. सिनेमात पाऊस नेहमी नाचायलाच का लागतो हा माझा जुना राग आहे, तो त्या दिवशी गेला.

गाण्यांचं तर तुमच्याकडूनच आलं. इंडी इंडी म्हणतोस ते काय, असं बाबांनी विचारलं होतं आणि मला नीट सांगता आलं नव्हतं. कंपनी नाही, शेठ नाही, आपणच गायचं, आपणच रेकॉर्ड करायचं, आपणच विकायचं. आपला गायक रेमो फर्नांडिस घ्या. 1984 मध्ये त्याने 'गोअन क्रेझी' शिवोलीला घरात बसून काढली, चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर, आणि मग स्कूटरवर कॅसेट घालून दुकानोदुकानी स्वतः देत फिरला. त्या मशीनची गंमत अशी, आपल्या साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात, दोन ए बाजूच्या, दोन बी बाजूच्या, ते मशीन चारही एकाच दिशेने वापरतं, म्हणजे एका पट्टीवर गिटार, मग ती ऐकत दुसरीवर आवाज. एकटा माणूस चार माणसं होतो. आणि बाबा, देवळातलं भजन टू-इन-वनवर दोन बटणं एकदम दाबून तुम्ही रेकॉर्ड करायचात, त्यात पखवाजापेक्षा कुत्रा मोठ्याने भुंकतो, ती कॅसेट माझ्या मते पहिल्या नंबरची इंडी आहे. माझ्याकडे आहे ती. तीही मीच नेली.

आता कॅमेरा. कपाटातली चामड्याची केस उचलून बघा, हलकी लागेल. मामाने कुवेतहून आणलेला यशिका इलेक्ट्रो 35 गेल्या गणेश चवथीपासून माझ्याकडे आहे. विचारलं नाही कारण तुम्ही नको म्हणाला असता, आणि खरं सांगायचं तर उघडला तेव्हा मीच घाबरलो, लेन्सच्या आत पांढरी जाळी, कोळ्याने विणल्यासारखी. बुरशी. आपली हवाच तशी, त्यात बंद चामडं. शिवाय रोल पुढे ओढताना जो टक आवाज यायला हवा तो येत नव्हता, म्हणजे आतलं रबराचं पॅड विरघळलेलं, ह्या मॉडेलचा हा ठरलेला आजार. मुंबईच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने दोन्ही नीट केलं, दोन महिने लावले, फोन केला की म्हणायचा घाई असेल तर मोबाईलने काढ. जुनी पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, तिच्या जागी दुसरी, ॲडॅप्टर घालून. पैसे किती गेले ते आईला वेगळं सांगेन.

त्याच्यावर दोन दिवे आहेत आठवतात? लाल म्हणजे उजेड जास्त, पिवळा म्हणजे उजेड कमी, हात हलवू नका. लहानपणी तुम्ही "पिवळा, पिवळा, श्वास घेऊ नका" ओरडायचात आणि आम्ही सगळे फोटोत गुदमरल्यासारखे दिसायचो. चवथीच्या आदल्या रात्री तुम्ही गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधत होतात तेव्हा मी मोबाईलवर मेसेज करत नव्हतो, मोबाईलवर उजेड मोजत होतो. कॅमेरा मुंबईहून आल्यावर तुळशीच्या लग्नाला पहिला रोल घातला. ब्लॅक अँड व्हाईट. चुकलंच. ऊस, झेंडू, चिंचा, आवळे, सगळं एकाच राखाडी रंगाचं, ओळखू येतो तो फक्त ऊस. पण एका फोटोत बाबा वर बघतायत, हातात सुतळी, तोंडात सुतळीचं दुसरं टोक, आणि मागे आई कुणाला तरी ओरडतेय, बहुतेक मलाच. थोडा हललाय. मला तोच आवडला.

दुसरा रोल कॅमेऱ्यात आहे, सात फोटो शिल्लक. रविवारी येतो. आई, नवी साडी काढू नको, पावडर नको. बाबा, तुम्ही सोप्यावर पेपर वाचत बसा, मी आलोय हे विसरा. आणि ह्या नोव्हेंबरात एक दिवस दोघं पणजीला या, मी लाईनीत उभा राहीन, तुम्ही थेट आत बसा, एसीसाठी शाल घ्या.

ती केस मात्र तोवर उन्हात टाका आणि कॅमेरा परत मिळाला तरी तिच्यात ठेवू नका, बुरशी त्या चामड्यातूनच येते.

तुमचा,
बाबू