‘पडून लागले’ एवढीच नोंद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोयत्याच्या, गाड्यांच्या तोडफोडीच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. दोन दिवसांनी आरोपींच्या धिंडीचा फोटोही येतो. अशी बातमी वाचताना मी दरवेळी एकच गोष्ट शोधते. हे नेमकं कुठल्या वळणावर घडलं, किती वाजता, आणि त्याच जागी याआधी काय काय झालं होतं? ते बहुतेक वेळा मिळत नाही. यात बातमीदाराचा दोष नाही, कारण ही माहिती कुणी एका जागी ठेवलेलीच नसते. ती ठेवणं हे गेली अकरा वर्षं माझं काम आहे, म्हणून हे पत्र.

मुंबईच्या पूर्व उपनगरात वस्तीपातळीवर हिंसा रोखण्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी संशोधन आणि नियोजन बघते. नातेवाइकांना वाटतं, मी भांडणं सोडवते. भांडणात मधे पडणाऱ्या आमच्या ताया वेगळ्या, आणि त्यांच्याइतकी हिंमत माझ्यात नाही. मी नोंदी गोळा करते आणि नकाशावर मांडते. पुढच्या महिन्यात कुणी कुठल्या गल्लीत थांबायचं, वॉर्ड ऑफिसात कशासाठी अर्ज करायचा, हे त्यावरून ठरतं.

कामाला लागले त्या वर्षी, रीतसर परवानगी घेऊन, एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत महिनाभर बसले होते. तिथलं लांबलचक रजिस्टर मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. तारीख, नाव, वय, पत्ता, इजा, उपचार. कारण लिहायच्या जागी पानंच्या पानं ‘पडून लागले’. एका संध्याकाळी पंचविशीतली एक बाई आली. डाव्या हाताला, कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला काळानिळा पट्टा होता. “मोरीत घसरले,” ती म्हणाली. सिस्टरनी मलमपट्टी केली, ‘मोरीत पडून’ असं लिहिलं आणि ती गेल्यावर स्वतःचा हात डोक्यावर आडवा धरून मला दाखवला. “मार चुकवायला हात असा वर गेला की फटका बरोबर इथेच बसतो. पडल्यावर इथे कधी लागत नाही.” त्यांना सगळं समजत होतं. पण खरं लिहिलं की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी नोंद होणार, पोलीस येणार, नवऱ्याला उचललं तर घर कोण चालवणार, या भीतीने बाई खरं बोलत नाही. आणि ती बोलली नाही म्हणून सिस्टर लिहीत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चारजणींमागे साधारण एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाची तरी मदत मागितली ती फक्त 14 टक्के जणींनी. म्हणजे पोलिसांच्या आकड्यांवरून आखणी करायची तर बहुतेक घटना आपल्या कागदावर येतच नाहीत. देशभरातल्या पोलीस नोंदींचा ‘क्राइम इन इंडिया’ हा सरकारी अहवाल घ्या. त्याचा 2022 सालचा अंक निघाला 2023 च्या डिसेंबरात, आणि त्यात जिल्हा आणि शहर सापडतं. गल्ली सापडत नाही.

कॅज्युअल्टीत नीट विचारलं तर बाई सांगते, हे मुंबईनेच दाखवून दिलं आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने 2000 साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. तिथे परिचारिका, डॉक्टर यांना काय विचारायचं, कसं विचारायचं, सोबत आलेल्या माणसाला बाहेर कसं बसवायचं, हे शिकवलं गेलं. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही हे काम पोचलं. मात्र दिलासा त्या एका बाईला आधार देतं. अशा पन्नासजणींच्या नोंदी एकत्र बघून ‘या भागात काय चाललंय’ असं विचारणारी खुर्ची आपल्याकडे नाही.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात ती आहे. जोनाथन शेफर्ड हे तिथले जबड्याचे शल्यचिकित्सक. मारहाणीत जबडा मोडून आलेल्या कितीतरी जणांची पोलिसांकडे नोंदच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर करणारे कर्मचारीच तीन-चार साध्या गोष्टी विचारू लागले: कुठे, कधी, कशाने, किती जणांनी. नाव काढून टाकून ही माहिती डॉक्टर, पोलीस आणि नगरपालिका यांच्या ठरलेल्या बैठकीत मांडली जाते. त्यावरून काही रस्ते रात्री गाड्यांना बंद झाले, पोलिसांच्या गस्ती हलल्या, काही दारूघरांत काचेचे पेले जाऊन प्लास्टिकचे आले. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशोब छापून आला. 14 सारख्या शहरांशी तुलना केली होती. एक लाख लोकांमागे मारहाणीमुळे रुग्णालयात भरती होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला 7 वरून 5 वर आलं. बाकी शहरांत ते 5 वरून 8 वर गेलं.

कार्डिफचं दुखणं दारूघरांभोवतीचं होतं. आपलं कुठे आहे, ते आपणच शोधायला हवं. आम्ही एकदा समाजमंदिरात चार कार्डशीट जोडून वस्तीचा नकाशा काढला आणि बायकांच्या हातात लाल टिकल्यांची पाकिटं दिली. जिथे मारामारी होते, जिथे भीती वाटते, तिथे टिकली लावायची. माझा अंदाज होता, गुत्ता आणि सार्वजनिक शौचालय. तिथे टिकल्या लागल्याच, पण सगळ्यात दाट पुंजका जमला टेकडीकडच्या टोकाला, नळावर. किती वाजता, असं विचारल्यावर सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, “पहाटे!”

पाणी यायचं पहाटे साडेचारला, जेमतेम पाऊण तास. खालच्या घरांनी मोटर लावली की वरच्यांच्या हंड्यात फक्त हवा. मग पाइप ओढाओढी, झिंज्या, शिव्या. सकाळी तेवढ्यावरच मिटायचं. पण शनिवारी पगार हातात आला की हेच भांडण पुरुषांच्या तोंडी गुत्त्यावर पुन्हा पेटायचं आणि कधी रॉड निघायचा. पोलिसांच्या वहीत ते ‘दोन गटांत जुन्या वादातून हाणामारी’ म्हणून जायचं. त्या जुन्या वादाचं वय पाच दिवसांचं असायचं, आणि त्याच्या मुळाशी पाणी होतं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

महापालिकेच्या चावीवाल्याला, म्हणजे गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या माणसाला भेटलो. त्याला हे कित्येक वर्षं माहीत होतं. “पण ताई, मला कुणी विचारलंच नाही.” वरच्या गल्ल्यांना आधी पाणी सोडायचं, मग खालच्यांना, असं वेळापत्रक त्यानेच सुचवलं. मंजुरीला सात महिने लागले. त्यानंतर बायकांनी ठेवलेल्या वहीत नळावरच्या मारामाऱ्या क्वचितच आल्या. गुत्त्यावरच्या थांबल्या नाहीत, हेही मला सांगितलं पाहिजे. त्यांची कारणं आणखी आहेत आणि ती आम्ही अजून शोधतो आहोत.

हे काम फक्त बायाबापड्यांच्या भांडणांपुरतं आहे, असं कुणी समजू नये. भिवंडी 1970 आणि 1984 अशी दोनदा दंगलीत होरपळली. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत हिंदू-मुस्लिम अशा दोन्हीकडच्या साध्या माणसांच्या समित्या बांधल्या. या माणसांचं पोलिसांबरोबर नियमित बसणं-बोलणं सुरू झालं. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. मात्र 2006 मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून पुन्हा रक्त सांडलं, दोन पोलिसांचाही जीव गेला. अशी घडी एकदा बसवली की कायमची बसत नाही. तिला रोजची मेहनत लागते, आणि ती करणारी माणसं पगारी असावी लागतात.

तिथेच गाडं अडतं. दोन वर्षांपूर्वी एका देणगीदाराने आमचा निधी थांबवला. कारण दिलं, “तुमच्या भागात गेल्या वर्षी मोठं काही घडलंच नाही, मग गरज काय?” मी त्या बैठकीत गप्प बसले, कारण काही घडलं नाही याचा पुरावा मला कागदावर देता येईना. चारपैकी दोन ताया कमी कराव्या लागल्या. त्याची चुटपुट अजून जात नाही.

एक शंका मात्र रास्त आहे आणि ती मला वस्तीतच विचारली गेली. नकाशा काढताना कोपऱ्यात बसलेल्या पारधी समाजातल्या आजींनी विचारलं, “बाई, हा कागद पोलिसाकडं जाणार का?” त्यांचा प्रश्न आजचा नव्हता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मणाऱ्या पोरावरही शिक्का मारला. कायदा 1952 मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की पहिली झडती कुणाच्या पालावर होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा नकाशावर नाव, जात, धर्म काहीही येता कामा नये. तो जागेचा आणि वेळेचाच राहिला पाहिजे, आणि वस्तीतल्या माणसांना दाखवल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. आजींना मी हे सांगितलं. त्यांनी टिकली लावली नाही, आणि मी आग्रहही केला नाही.

माझं मागणं मोठं नाही. महापालिका आणि जिल्हा रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत केसपेपरवर एक रबरी शिक्का मारावा. त्यात तीन मोकळ्या जागा असाव्यात: कुठे, किती वाजता, कशाने. महिन्याच्या शेवटी नावाविना त्याची बेरीज वॉर्ड ऑफिसात यावी. तिथे आरोग्य, पाणी आणि दिवाबत्ती खात्याचे अधिकारी, पोलीस आणि वस्तीतल्या चार बायका यांनी तासभर बसावं. बैठक पोलिसांनी बोलवू नये, आरोग्य खात्याने बोलवावी, म्हणजे ‘मोरीत घसरले’ म्हणणारी बाई जरा मोकळी होईल. ज्या संस्थेकडे वस्तीचा विश्वास आहे, तिथे एका माणसाच्या पगाराची तरतूद व्हावी.

शिक्क्याचा नमुना मी मराठीत तयार केला आहे. तो या पत्रासोबत जोडते आहे. एखाद्या रुग्णालयाने आपल्याकडे विचारणा केली तर कृपया त्यांना द्यावा. समजावून सांगायला मी स्वतः येईन, रात्रपाळीलासुद्धा.

आपली विश्वासू,
एक वाचक, विक्रोळी, मुंबई