हा दगड आधी कोण होता?

मा. संपादक,
नमस्कार.

मे महिना आला की मुलांना सुट्टीत कुठे न्यायचं याच्या याद्या फोनवर फिरायला लागतात. वॉटरपार्क, किल्ले, अंजनेरी, एका यादीत तर वायनरी पण होती (मुलांना!). जीवाश्म, म्हणजे दगड झालेले जुने जीव, शोधायला जाण्याचं नाव मात्र मी त्यात अजून वाचलेलं नाही, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे आणि त्याला डायनासोरचं वेड आहे. अवघड अवघड नावं न अडखळता म्हणतो, तीनचा पाढा मात्र येत नाही. यंदा त्याने हट्टच धरला की पुस्तकं पुरे, आता आपण हाडं शोधायला जायचं. मग काय, एका रविवारी मिसळ हाणून जुना टूथब्रश, भिंग आणि रिकामा डबा घेऊन आम्ही पांडवलेण्यांच्या बाजूला गेलो, तासाभरात डबा भरला. त्यात एका दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी होती, आम्ही दोघं इतके खुश झालो की मी लगेच फॅमिली ग्रुपवर फोटो पण टाकला.

ओळखीतले एक सर कॉलेजात जिओलॉजी शिकवायचे, त्यांनी बघितलं आणि म्हणाले हे पान नाही हो, दगडाच्या भेगेत मँगनीज झिरपून अशी नक्षी होते, भलेभले फसतात. फोटो डिलीट करायला उशीर झाला होता!

त्यांनीच मग नीट समजावलं. आपल्या पायाखाली सगळा लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला, आणि उकळत्या लाव्ह्यात हाड कसलं टिकतंय. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून स्फटिक तयार झाले, म्हणून नाशिक-सिन्नरचे झिओलाइट नावाचे हे स्फटिक जगभरच्या म्युझियममध्ये आहेत पण डायनासोर नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात कुठे तळं साचलं, गाळ बसला, तरच काही जपलं जातं. मुंबईत वरळीला अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले, १८४७ सालीच त्यांचं वर्णन छापून आलंय. चिरंजीवांचं तोंड एवढंसं झालं. बेडूक नकोयत मला, म्हणे.

मग सर म्हणाले, डायनासोर हवाय ना, तुझ्याच गोदावरीच्या खोऱ्यात आहे की, फक्त राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. गडचिरोलीत सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते, त्या खोऱ्यात बारापासॉरस या डायनासोरची हाडं सापडली, मोठ्या पायाचा म्हणून बंगालीत बारापा आणि पुढे टागोरांचं नाव, सांगाडा कोलकात्याला उभा आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला फॉसिल पार्क पण आहे. नाशिकहून आख्खा महाराष्ट्र ओलांडून जावं लागेल, पण तेव्हापासून रामकुंडावर गेलो की पोरगं पाण्याकडे बघून विचारतं, हे पाणी डायनासोरकडे कधी पोचेल.

आणि आता मुद्द्याचं. आपल्या जिल्ह्याला स्वतःचा जीवाश्म आहे! नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीच्या गाळात एका नामशेष झालेल्या हत्तीचे अवशेष मिळाले होते, पिलग्रिम नावाच्या शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्यावर लिहिलंय. नर्मदेवरून त्याला नामाडिकस म्हणतात, सरळसोट सुळे आणि उंची खांद्यापाशी चार मीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सहज सोंड घालून कुंड्या खाल्ल्या असत्या. हिमयुगाच्या काळातला प्राणी, डायनासोरच्या मानाने अगदी कालपरवाचा. हे मला चाळिशीत कळलं आणि मी जन्माची नाशिककर! शाळेत कुणी सांगितलं नाही, गंगापूरजवळ पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली हे पण नाही.

मग आम्ही नांदूरमध्यमेश्वरला गेलो. अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नाही हे आधीच बजावलं होतं, त्यामुळे फक्त बघायचं आणि शेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा. (उचलून झालं ते बाहेर, येताना एका शेताच्या बांधावर, शेतकरी दादांना विचारून. हाडासारखाच पांढरा तुकडा. खरं जुनं हाड जिभेला चिकटतं हे पोराने कुठेतरी ऐकलेलं, मी हो-नाही म्हणेपर्यंत साहेबांनी चाटून पण बघितलं. घरी लिंबू पिळल्यावर बारीक बुडबुडे आले, चुनखडी निघाली.) पक्षी भरपूर दिसले, पण हत्तीबद्दल मला तिथे काही दिसलं नाही. असेल आणि माझ्या नजरेतून सुटलं असेल तर माफी मागते. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं ते, लांबून माणसं येतात, तर तिथे त्या हत्तीचं खऱ्या मापाचं एक चित्र भिंतीवर काढायला काय हरकत आहे, शेजारी पोराला उभं करून फोटो काढता येईल असं. खर्च तो किती.

आम्हाला खरा जीवाश्म शेवटी घरातच सापडला. सर सहज म्हणाले होते की गंडकीचा शाळिग्राम म्हणजे समुद्रातल्या अमोनाइट नावाच्या प्राण्याचा जीवाश्म, आतलं चक्र हा त्याच्या शंखाचा वेटोळा. घरी येऊन पोरगं चपला न काढता थेट देवघरात, सासूबाईंनी दारातच अडवलं, आधी आंघोळ. आयुष्यात पहिल्यांदा न सांगता आंघोळीला गेला. मग भिंग लावून बराच वेळ बघत बसला आणि आजीला विचारलं, हा दगड व्हायच्या आधी कोण होता? त्या म्हणाल्या, विष्णू. हा म्हणाला, नाही, त्याच्याही आधी.

अजून एक राहिलं. नदीकाठच्या गावात विहीर किंवा पाया खणताना हाडाच्या आकाराचा जड तुकडा निघाला तर तो भरावात ढकलू नका. जागा आणि खोली लिहून ठेवा, फोटो काढा, जवळच्या कॉलेजच्या जिओलॉजी डिपार्टमेंटला दाखवा. बहुतेक वेळा चुनखडीच निघेल, आमची निघाली तशी.

आपली,
एक आई, गंगापूर रोड, नाशिक