ब्रॉथ बेसिनमध्ये ओतू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्याकडे हार्ट फेल्युअरवरचा (म्हणजे हृदयाचा जोर कमी पडण्यावरचा) लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी मायक्रोबायोलॉजीवाली, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मातीतल्या जंतूंवर काम करण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली. माती पाण्यात कालवून प्लेटवर पसरायची, आठवड्याभरात खडूच्या भुकटीसारखे पांढुरके ठिपके उगवायचे, झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास, मग तो ठिपका फ्लास्कमध्ये वाढवायचा आणि त्याच्या ब्रॉथने (ज्या पातळ खाद्यात तो वाढला त्या पाण्याने) रोगजंतू मरतात का एवढंच बघायचं. नाही मेले की ब्रॉथ बेसिनमध्ये. त्यातल्या एखाद्याने हृदयाला जोर दिला असता का, हे कुणी तपासलंच नाही, आणि पुढे लॅब बंद झाली तेव्हा कल्चरच्या (जपलेल्या जंतूंच्या) शेकडो ट्यूब ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे वाफेच्या दाबाखाली मारून, टाकून दिल्या, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तपासायची रीत तेव्हाही होतीच की. गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा तुकडा कोमट खारट पाण्यात दोऱ्याने टांगायचा, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे, तो आपला धडधडत राहतो. त्याची धडधड कागदावर रेघांनी उमटते. मग ब्रॉथच्या अर्काचे थेंब सोडायचे. कागदावरच्या रेघा नुसत्या जवळजवळ आल्या तर ठोके वाढले, उंच झाल्या तर जोर वाढला, आणि आपल्याला हवा असतो तो जोर.

मुलुंडच्या हेक्स्ट या औषध कंपनीच्या रिसर्च सेंटरने कोलियस या वनस्पतीच्या मुळातून (गुजराती लोक जिचं गरमर म्हणून लोणचं घालतात तीच) फोर्स्कोलिन काढलं, ते हृदयाचा जोर वाढवतं, रक्तवाहिन्या सैल करतं. तिथेच १९८७ मध्ये एका बुरशीतून बुरशीनाशक मिळालं, त्याचं नावच मुलुंडोकँडिन! म्हणजे हृदयाचं औषध शोधणं आणि जंतूनाशक शोधणं, दोन्ही कामं एकाच छपराखाली होत होती. जपानच्या अकिरा एन्डोंनी ६००० च्या आसपास जंतू चाळले तेव्हा कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन हाती लागलं, ते तर पेनिसिलियम बुरशीतलं. ते जंतू मारतंय का एवढंच बघितलं असतं तर?

जोर वाढला की औषध झालं असं मात्र नाही हं. हृदयाचा जोर वाढवणाऱ्या मिलरिनोनच्या गोळ्या दीर्घकाळ दिल्यावर मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले, हे १९९१ मध्येच समोर आलं. डिजॉक्सिन या हृदयाच्या जुन्या औषधाचंही औषधाचा डोस आणि विषाचा डोस यात अंतर फार थोडं. म्हणूनच तर वेगळ्या पद्धतीने काम करणारा रेणू हवाय.

आता गिनीपिगही लागत नाही, स्टेम सेलपासून केलेल्या माणसाच्या हृदयपेशी डिशमध्ये धडधडतात. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत), आघारकर संशोधन संस्थेत जंतूंचे केवढे संग्रह आहेत. कॉलेजांमध्ये दरवर्षी एमएस्सीची पोरं मातीतून नवे जंतू काढतात आणि प्रोजेक्ट संपला की सगळं फेकून देतात. माझी त्यांच्या गाइडना कळकळीची विनंती आहे, अँटिबायोटिकला नापास झालेला अर्क फेकू नका, बाटलीवर नंबर, मातीचं गाव आणि तारीख टाकून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि हृदयपेशींवर काम करणाऱ्या एखाद्या लॅबला फोन करा.

– एक निवृत्त मायक्रोबायोलॉजिस्ट, ठाणे