जेट्टीची दुरुस्ती ऑफिसचं घड्याळ बघून होत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीत राहतो, खाडी चालत दहा मिनिटांवर. नोकरीची २६ वर्षं धक्के, जेट्ट्या आणि पुलांचे पाये अशा साइटवर सुपरवायझर म्हणून गेली, आता रिटायर झालो तरी सकाळी फिरायला म्हणून पाय पाण्याकडेच वळतात. आमच्या बाजूला एक छोटी जेट्टी आहे, मासेमारीच्या होड्या लागतात. तिचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असले प्रकार काही एकाच ठिकाणी होत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तिची दुरुस्ती झाली. म्हणजे बोर्ड लागला, दोन आठवडे माणसं दिसली, मग सगळ्याला राखाडी रंग मारला आणि बोर्ड काढून नेला. पावसाळ्यातली पहिली मोठी उधाणं झाली आणि गणपतीच्या आधीच खालच्या बीमचं प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटायला लागलं. मी हातातल्या दगडाने ठोकून बघितलं तर बद्द आवाज, आत पोकळ. एक पापुद्रा तर नखाने निघाला, मागे सळई, आणि त्या सळईवरचा गंज सुद्धा खरवडलेला नव्हता हो, तसाच ठेवून वरून सिमेंट थापलं होतं.

आता ज्यांना यातलं माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खारं पाणी काँक्रीटमध्ये हळूहळू मुरतं, मीठ सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्याला, जिथे रोज ओलं-सुकं ओलं-सुकं चालू असतं, मीठ पण मिळतं आणि हवा पण. कायम पाण्यात बुडालेला खांब त्या मानाने बरा राहतो. म्हणून तर आपल्याच आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानकात, या पट्ट्यातलं काँक्रीट निदान एम ४० या मजबुतीचं आणि सळईवर ७५ मिमी कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, सांगितलंय, साध्या घराच्या बीमला जेवढं देतात त्याच्या दुपटीहून जास्त. मी उघड्या पडलेल्या सळईशेजारी टेप धरली, जेमतेम दोन बोटं भरलं.

पण माझा खरा राग कव्हरवर नाही, वेळेवर आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, ठाण्याकडे अजून थोडी उशिरा. म्हणजे पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, सकाळी सहा-साडेसहाला आणि परत संध्याकाळी, आणि खालचे बीम, खांबांचे तळ उघडे पडतात ते फक्त तेव्हाच. अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, सुकती दुपारी असते खरी, पण तेव्हा पाणी एवढं खाली उतरतच नाही. आता माणसं साइटवर यायची दहाला, चहा-बिडी होऊन साडेदहाला हात लावायची. उधाण असेल तर पाणी चढत असायचं, भांग असेल तर पाणी हललेलं नसायचं. मग जे पाण्याच्या वर दिसतंय तेवढंच दुरुस्त होणार ना? तेच झालं. वरचा स्लॅब चकाचक आणि खाली कालवं चिकटलेली तशीच, त्यांच्यावरूनच एका ठिकाणी थोडं सिमेंट फासलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. कालवं आधी छिन्नीने काढायची असतात, नाहीतर नवीन माल धरणार कशाला?

शेजारचा नाखवा तेव्हा होडीतून बघत होता, म्हणाला, दादा, ह्यांच्याकडे कालनिर्णय नाही का.

एका दुपारी तर कहर, एक पोरगा दोरी लावलेली बादली खाडीत सोडून पाणी काढत होता, क्युरिंगला, म्हणजे नवीन सिमेंट ओलं ठेवायला! मी म्हटलं अरे बाबा हे खारं आहे, तर म्हणाला टँकर उद्या येणार आहे काका. त्याचा काय दोष, त्याला कोण सांगणार? सांगायला साइटवर कुणी असायला पाहिजे ना.

अर्धवट ठिगळ लावलं की अजून एक होतं, आजूबाजूचं जुनं खारवलेलं काँक्रीट तसंच राहिलं तर ठिगळाच्या कडेची सळई उलट जास्त जोरात गंजते. म्हणजे काही न करता सोडलं असतं तर कदाचित एवढं वाईट झालं नसतं. खाऱ्या पाण्याचा मार काय असतो हे आपल्या खाडीने मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलेलं आहे, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ ला सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत त्याला दुरुस्त्या लागल्या, १९९७ ला शेजारी दुसरा बांधावा लागला. मोठ्या पुलाची ती गत तर आमच्या जेट्टीला कोण विचारतो.

जुनी माणसं सांगायची, खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतल्या, बांधाला खांड पडली की घराघरातून माणसं निघायची, सुकती रात्री दोनला असेल तर कंदील घेऊन रात्री दोनला. इंजिनिअर नव्हते ते, पण पाणी आपल्यासाठी थांबत नाही एवढं पक्कं माहीत होतं. आजच्या टेंडरमध्ये एक ओळ टाकायला काय जातं, की खालचं काम उधाणाच्या सुकतीला होईल, मजुरी त्या वेळेची धरली जाईल आणि प्रत्येक सुकतीचे फोटो बिलाला जोडले जातील? पहाटेचं काम महाग पडतं मान्य, पण दर दोन वर्षांनी रंग मारणं काय स्वस्त आहे?

सध्या तिथल्या पायरीची एक कड गेली आहे. मागच्या आठवड्यात एक मावशी डोक्यावर टोपली घेऊन चढताना घसरल्या, नशिबाने गुडघ्यावर निभावलं, पण टोपलीतली निम्मी कोळंबी खाडीत गेली.

येत्या अमावस्येला सकाळी सहाला मी तिथे हातोडी घेऊन असणार आहे. ज्यांच्या सहीने ते बिल पास झालं त्यांनी जरूर यावं, खालून दाखवायला नाखवा होडी काढायला तयार आहे. फक्त बूट घालून येऊ नका, चिखल गुडघ्यापर्यंत आहे.

आपला,
खाडीकाठचा एक रहिवासी, ऐरोली, नवी मुंबई